तीन वर्षं तेच साठ किलो

पत्राचा गोशवारा: पत्रलेखक 34 वर्षांचे, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात. तीन वर्षांपासून रात्री विश्रामबागेतल्या एका जिमला जातात, आठवड्यातले पाच दिवस, दीड-दीड तास. पहिले सात-आठ महिने झपाट्यानं फरक पडला. त्यानंतर बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) 60 किलोवर दहा रेप्स (सलग दहा वेळा), असे तीन सेट, इथंच अडकलंय. मागून आलेली कॉलेजची पोरं पुढं निघून गेली. ट्रेनर चारचौघांत म्हणतो, "मर्दा, तुझ्यात आगच नाय." मित्राचं म्हणणं, प्रत्येक सेट हात गळेपर्यंत मारल्याशिवाय काही होत नाही, तो सांगलीच्या संकेत सरगर या वेटलिफ्टरचं उदाहरण देतो. बायको म्हणते, "पोट उतरलं, शुगर नाही, आणखी काय पाहिजे?" पत्रलेखक विचारतात: दुकानातले हमाल दिवसभर पोती उचलतात, त्यांना कुणी माइंडसेट शिकवत नाही, मग मलाच का लागतो? माझ्यात मुळात जिद्दच नाही का? की जिम सोडून सकाळी कृष्णेच्या घाटावर चालायला जाऊ?

नमस्कार,

तुमचा हमालांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर तुमच्या साठ किलोचंही उत्तर आहे. उद्या दुकानात जरा वेळ काढून एखाद्या जुन्या हमालाकडं नीट बघा. पोतं पाठीवर घेताना तो हातानं ओढत नाही, अंगच त्याच्याखाली नेतो. पाठ किती वाकवायची, पाऊल कुठं टाकायचं, श्वास कधी सोडायचा, सगळं ठरून गेलेलं असतं. त्याचं कसब जोर वाचवण्यात आहे. संध्याकाळी घरी चालत जाण्याइतकी ताकद उरली पाहिजे, आणि उद्या पुन्हा यायचं आहे. पोत्याचं वजनही वर्षानुवर्षं तेच. त्या पोत्याला पुरेल एवढी ताकद अंगात आली की शरीर तिथं थांबतं, कारण त्यापुढं त्याला कुणी काही मागितलेलंच नसतं.

तुम्ही जिममध्ये हेच करताय. आळसापोटी नव्हे. शरीराचा स्वभावच काटकसरीचा. 60 किलो दहा वेळा कसे स्वस्तात उचलायचे हे तुमच्या खांद्यांना आणि दंडांना पाठ झालंय. हमालाला तेच करावं लागतं, ते त्याच्या पोटाचं काम आहे. तुम्ही मात्र फी भरून ताकद वाढवायला जाताय आणि तिथंही ती वाचवूनच परत येताय.

यामागचं शरीरशास्त्र फार अवघड नाही. स्नायूतले तंतू गटागटानं कामाला लागतात. आधी छोटे, न थकणारे गट. मोठे, ताकदवान गट सगळ्यात शेवटी. एलवुड हेनेमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं हा क्रम 1950-60च्या दशकांत दाखवून दिला. मोठ्या गटांना बोलावणं मुख्यतः दोन वेळा जातं: वजन खरोखर जड असेल तेव्हा, किंवा हलकं वजन मारता मारता छोटे गट थकून जातात तेव्हा. तुमचा सेट या दोन्हींच्या आधीच संपतो. आणि पहिल्या सात-आठ महिन्यांत जी झेप दिसली, तिचा सुरुवातीचा बराच भाग मेंदूनं ती हालचाल शिकून घेतल्याचा असतो. नवख्याची ताकद स्नायू वाढायच्या आधीच वाढू लागते. ते आयतं मिळालेलं व्याज संपलं. आता मुद्दल घालावं लागणार.

आता तुमचा एक सेट डोळ्यांसमोर आणू. सात रेप्स सरळ जातात. आठव्याला रॉड छातीवरून चार बोटं वर आल्यावर जरा रेंगाळतो. नववा सावकाश. दहावा मारता आणि रॉड हुकात ठेवता, कारण आकडा दहा ठरलेला आहे. ज्या क्षणी सेट खऱ्या अर्थानं सुरू होणार होता, त्या क्षणी तो संपला. मग पाऊण मिनिटात पुढचा व्यायाम, त्यानंतर तिसरा, आणि दीड तासानं टी-शर्ट पिळून काढावा एवढा घाम. घामाला मापात धरू नका. एप्रिलात सांगलीत नुसतं रिक्षात बसलं तरी घाम येतो.

"इंटेन्सिटी" हा शब्द जिममध्ये सगळे वापरतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. वेटलिफ्टिंगच्या कोचच्या वहीत इंटेन्सिटी म्हणजे तुम्ही एकदाच उचलू शकाल अशा सगळ्यात जड वजनाच्या किती टक्के वजन रॉडवर आहे ते. शरीरसौष्ठववाले हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, सेट हात थांबण्याच्या किती जवळ नेला. पहिली गोष्ट प्लेटा मोजून कळते, दुसरी फक्त मारणाऱ्याला कळते. तुमचा ट्रेनर तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतोय: चेहरा, आरडाओरडा, रॉड आपटण्याचा आवाज. तिचा वजन वाढण्याशी फारसा संबंध नाही. शांत चेहऱ्यानं जड वजन मारणारे भरपूर आहेत, आणि ओरडून हलकं मारणारे त्याहून जास्त.

मग मित्राचा मार्ग, प्रत्येक सेट हात गळेपर्यंत? त्यात एक खरी गोष्ट आहे आणि एक धोक्याची. खरी ही, की बहुतेक लोक "आता होत नाही" म्हणून थांबतात तेव्हा आणखी काही रेप्स शिल्लक असतात. अभ्यासांतही हे दिसलंय. आपला अंदाज सावध बाजूलाच चुकतो. धोक्याची ही, की रोज प्रत्येक सेट शेवटपर्यंत नेला तर दुसऱ्या-तिसऱ्या सेटला वजन घसरतं, ढब बिघडते, आणि दोन आठवड्यांत खांदा बोलायला लागतो. ताकदीसाठी त्या टोकाला जावंच लागतं असं नाही. एक ते तीन रेप्स शिल्लक ठेवून थांबलं तरी ताकद वाढते.

संकेतचं उदाहरण मित्रानं द्यावं हे साहजिक आहे, सांगलीत कोण देणार नाही? पण ते नीट आठवा. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्यानं स्नॅचमध्ये (रॉड एका दमात डोक्यावर) 113 किलो उचलले, क्लीन अँड जर्कच्या (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) पहिल्या प्रयत्नात 135. दुसऱ्या प्रयत्नात 139 घेताना उजव्या कोपराला दुखापत झाली. तरी तो तिसऱ्याला पुन्हा आला, तेही जमलं नाही. एकूण 248. मलेशियाच्या अनिक कसदाननं शेवटी 142 उचलून 249 केले. एका किलोनं सुवर्ण गेलं. तो तिसरा प्रयत्न पाहून कुणाचाही ऊर भरून येतो. पण तो स्पर्धेचा दिवस होता, आणि तशा दिवसासाठी वर्षानुवर्षं सराव केलेला होता. तुमच्या विश्रामबागेतल्या मंगळवारी कुणी पदक घेऊन उभं नसतं. वेटलिफ्टिंगच्या बहुतेक सरावपद्धतींत रोजचं काम कमाल वजनाच्या 70 ते 90 टक्क्यांत चालतं, 90च्या वर मोजकेच रेप्स, आणि वजन हातून सुटणं ही कौतुकाची बाब धरत नाहीत. याला अपवाद बल्गेरियाचे कोच इव्हान अबाजिएव्ह. ते खेळाडूंना जवळजवळ रोज त्या दिवसाच्या कमाल वजनापर्यंत नेत. त्यांनी चॅम्पियन घडवले, पण त्या मुलांना दुसरं काही काम नव्हतं. आणि 1988च्या सोल ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या दोन खेळाडूंची सुवर्णपदकं बंदी असलेल्या औषधांपायी काढून घेतली गेली, संघ मध्येच मायदेशी परतला. अडत दुकानात दिवसभर आकडे जुळवणाऱ्यानं ती पद्धत उचलू नये.

आता जिद्दीचं. तुम्ही ती रक्तगटासारखी धरलीय, असते किंवा नसते. वेटलिफ्टर मीराबाई चानू 2016 साली रिओ ऑलिम्पिकला गेली, क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, एकूण वजनाच्या रकान्यात काहीच लागलं नाही. पुढच्याच वर्षी ती जागतिक विजेती झाली, आणि 2021मध्ये टोकियोत 202 किलोंसह रौप्यपदक. त्या ऑगस्टात तिच्यात जिद्द नव्हती आणि पुढच्या वर्षी उगवली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाच दिवस, तीन वर्षं, यार्डातून थकून आल्यावरही जिमची पायरी चढणाऱ्या माणसाला "जिद्द नाही" म्हणणाऱ्या ट्रेनरचंही मला नवल वाटतं. तुमची जिद्द हजेरीत खर्च होतेय, रॉडखाली पोचतच नाही.

रॉडखाली मन लावायचं म्हणजे नेमकं काय? यात राग आणायचा नाही की शत्रूचा चेहरा आठवायचा नाही. स्पर्धेत नाव पुकारल्यावर लिफ्टरला एक मिनिट मिळतं. त्यात तो काय करतो बघा: हाताला चॉक, पट्टा, पाऊल ठरलेल्या जागी, बोटं ठरलेल्या अंतरावर, एक श्वास. दर वेळी तेच. त्यामुळं विचार करायला जागाच राहत नाही. तुम्हीही बेंचवर असा क्रम बसवा. रॉडवरच्या गुळगुळीत पट्ट्यापासून करंगळी किती अंतरावर, खांद्याची पाती मागं ओढून बेंचला टेकवलेली, टाचा जमिनीत, पोटात श्वास भरून घट्ट. मग रॉड उचलायचा. खाली सावकाश, आणि वर येताना प्रत्येक रेप, अगदी वॉर्मअपच्या रिकाम्या रॉडचासुद्धा, जमेल तितक्या जोरात छताकडं ढकलायचा. जड वजनाला रॉड हळूच जाईल. पण ढकलण्याचा इरादा पूर्ण हवा. मोठे गट या इराद्याला ओ देतात. छातीचा स्नायू "जाणवतोय का" हे शोधणं हलक्या वजनाला ठीक आहे. जड वजनाला लक्ष रॉडवर ठेवलेलं बरं, शरीर आपलं आपण जुळवून घेतं.

असं मन दीड तास लागत नाही. कुणाचंच लागत नाही. पंधरा-वीस सेट मारणारा माणूस नकळत प्रत्येक सेटमधून थोडं थोडं चोरतो, कारण पुढचे चौदा दिसत असतात. त्यातून तुम्ही दिवसभर वजनकाट्याच्या पावत्या आणि पट्ट्या जुळवून येता. डोकं दमलेलं असलं की तेवढीच मेहनत जास्त वाटते. म्हणून काम कमी करा म्हणजे त्यात जीव ओतता येईल. पाचऐवजी तीन दिवस. दर दिवशी दोन मोठे व्यायाम मन लावून, बाकीचं हातापायांचं किरकोळ पंधरा मिनिटांत उरकलं तरी चालेल. मोठ्या व्यायामाच्या दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती, आणि त्या तीन मिनिटांत मोबाइल बॅगेत. रील बघून आलेलं डोकं रॉडखाली पोचायला वेळ लागतो.

सुरुवात एका चाचणीनं करा. चांगली झोप झालेल्या दिवशी, मागं भरवशाचा माणूस उभा करून, 60 किलो थांबेपर्यंत मारा. दहाला थांबायचं नाही. ढब मोडेल किंवा रॉड खरोखरच अडेल तिथं थांबायचं. समजा तेरा झाले. आता हिशेब: 60 गुणिले 13, भागिले 30, आले 26. ते 60मध्ये मिळवले की 86. साधारण एवढी तुमची एका रेपची कमाल ताकद. हे सूत्र अंदाजाचं आहे आणि रेप्स दहाच्या वर गेले की जरा सैल होतं, पण सुरुवातीला पुरतं. 86चे 80 टक्के म्हणजे 69. तीन वर्षं तुम्ही 70 टक्क्यांवर बसून आहात, आणि त्यातही तीन रेप्स खिशात ठेवून.

तर पुढच्या आठवड्यापासून बेंच आठवड्यातून दोनदा: 67.5 किलो, पाच रेप्स, चार सेट. एक वही घाला आणि त्यात तारीख, वजन, रेप्स आणि चौथा रकाना, शिल्लक. सेट संपल्यावर आणखी किती झाले असते ते प्रामाणिकपणे लिहायचं. तुम्हाला शिल्लक काढायची सवय आहे, आम्हा बाकीच्यांना नसते. चारही सेटांना शिल्लक तीन येत असेल तर सहा रेप्स करा. सहालाही तीन आली तर अडीच किलो वाढवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वाची प्लेट. शिल्लक एक किंवा शून्य येऊ लागली तर तिथंच थांबून आठवडाभर तेच वजन. आणि महिन्यातून एकदा शेवटचा सेट अडेपर्यंत न्या, वहीतली शिल्लक खरी होती का हे तपासायला. पहिल्यांदा ती हमखास चुकीची निघते. चार-पाच आठवड्यांनी एक आठवडा सेट निम्मे करा, वजन साधारण तेच.

स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून रॉड उचलणं) हाच हिशेब, पण अडेपर्यंत कधीच नको. तिथं दोन शिल्लक असताना थांबा. अडेपर्यंत न्यायचं असेल तर मशीनवर किंवा डंबेल कर्लमध्ये न्या, जिथं हातातून सोडून देता येतं. बेंचवर एकटे असाल तर जड मारूच नका. मारलंच तर रॉडला लॉक लावू नका, म्हणजे अडलं तर एक बाजू कलवून प्लेटा खाली सोडता येतील. अंगठा रॉडच्या भोवती घ्या. तो मोकळा ठेवण्याची फॅशन आहे, ती धोक्याची आहे.

जळजळ आणि दुखणं यांत फरक करायला शिका. स्नायूत पसरलेली, सेट थांबवल्यावर मिनिटाभरात ओसरणारी जळजळ चालेल. सांध्यात एका बिंदूवर टोचणारं दुखणं, मुंग्या, छातीत दाब, गरगरणं हे दिसलं की त्या दिवसाचं काम तिथंच संपलं. अति मारल्यावर एक-दोन दिवसांत लघवी चहाच्या रंगाची झाली तर जिमच्या ग्रुपवर विचारत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. जड वजनाला श्वास कोंडला की रक्तदाब काही क्षण बराच चढतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, बीपी किंवा हर्निया असलेल्यांनी आधी तपासून घ्यावं. आणि "आग" पेटवण्यासाठी डब्यातली प्री-वर्कआउट पावडर रात्री नऊला घेऊ नका. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. झोप गेली की दुसऱ्या दिवसाचं सगळं गेलं.

हे पत्र वाचून घरी दोन डंबेल्सवर व्यायाम करणाऱ्या बऱ्याच जणी आणि जण विचारतील, आमच्याकडं टक्के काढायला वजनच नाही. तुम्हाला दुसरी वाट आहे. वजन हलकं असलं तरी सेट थकव्याच्या अगदी जवळ नेला, वीस-पंचवीस रेप्सपर्यंत का होईना, तर स्नायू वाढतो. एका झटक्यात जड उचलायची ताकद मात्र जड वजनानंच येते. "जड मारलं तर अंग पुरुषासारखं होईल" म्हणून सहा वर्षं दोन किलोवर थांबलेल्या मैत्रिणींना एवढंच: तसं होत नाही, आणि साठीनंतर जिना चढताना ही ताकद कामाला येते.

राहिली तुमची बायको. त्या बरोबर आहेत. पोट उतरलं, शुगर नाही, एवढ्यासाठीच जिमला जायचं असेल तर आत्ता चाललंय ते पुरेसं आहे. वजन राखणं हे काही कमीपणाचं काम नाही, आणि कृष्णेच्या घाटावर चालणं तर उत्तमच, जिमचे जे दोन दिवस कमी होतील, त्या दोन्ही दिवशी ते करा. पण पत्रात तुम्ही पोटाबद्दल एक ओळ लिहिलीय आणि साठ किलोबद्दल पानभर. त्यावरून मला वाटतं, तुम्हाला तो रॉड वर गेलेला बघायचाय. तसं असेल तर घरी तसंच सांगा: "पाचचे तीन दिवस करतोय, दोन संध्याकाळी घरी असेन." हा सौदा मान्य व्हायला हरकत नसावी.

नव्या हळदीची आवक सुरू झाली की तुमच्या दुकानात रात्रीचे नऊ वाजणार. त्या दिवसांत वाढवायला जाऊ नका. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, सेट निम्मे, पण रॉडवरचं वजन उतरवायचं नाही. वजन राखून सेट कमी केले तर ताकद कित्येक आठवडे टिकते. उलटं केलं, म्हणजे वजन हलकं करून सेट वाढवले, तर ती ओसरत जाते. सौदे ओसरले की वही पुन्हा पुढं सुरू.

आणि ट्रेनरशी भांडू नका, त्याला कामाला लावा. आपल्याकडच्या जिममध्ये मागं उभा राहणारा माणूस दोन्ही हातांनी रॉड ओढत "तुझंच आहे, तुझंच आहे" ओरडत असतो. अर्धं वजन त्याचंच असतं. वहीतला हिशेब त्यामुळं खोटा पडतो. म्हणून सेट सुरू करायच्या आधीच त्याला स्पष्ट सांगा: "दादा, शेवटच्या सेटला मागं थांब. वर जाताना रॉड अडून खाली यायला लागला तरच धर. तोपर्यंत बोटसुद्धा लावू नको."